उभ्या उभ्या

वैशाखातली दुपार, सव्वातीनचा सुमार. राजापूरच्या स्टँडवर मी नाटे गाडीची वाट बघत उभा होतो. एका हातात बायकोच्या प्रेशरच्या गोळ्या, दुसऱ्या हातात खिळ्यांचं पुडकं, कारण पाऊस महिन्यावर आला होता आणि पडवी अजून शाकारायची राहिली होती. तापलेलं डांबर, उसाचा रस आणि कुणीतरी गोणपाटात बांधून आणलेले सुके बांगडे, यांचा मिळून एक वास त्या छपराखाली साचलेला असतो. तो मला डोळे मिटून ओळखता येतो. तेवढ्यात खिशातला मोबाईल थरथरला. घरच्या ग्रुपवर थोरल्या भावाच्या मुलाचा मेसेज होता. तो बंगळुरात असतो आणि मराठी बोलतो चांगलं, पण लिहायची वेळ आली की इंग्रजीत शिरतो. लिहिलं होतं, ‘काका, आय जस्ट वाँट टू नो व्हेअर यू स्टँड.’ मी पुडकं काखेत धरलं, चष्म्यावरचा घाम पुसला आणि एका बोटाने उत्तर टाइप केलं : ‘राजापूर स्टँडवर. गाडी अजून लागली नाही.’

गाडी लागेपर्यंत ग्रुपवर पिवळ्या हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. डोंबिवलीच्या पुतणीने लिहिलं, ‘काका, काय सिक्सर मारलीत!’ ज्याने विचारलं होतं त्याने फक्त अंगठा टाकला. मला वाटलं, पोराला काकाची काळजी, उन्हातान्हात कुठे उभा आहे म्हणून विचारलं. खिडकीजवळची जागा मिळाली, डोळा लागला, आणि मी ते विसरूनही गेलो.

रात्री बायकोने मोबाईल हातात घेतला, वाचला, आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

‘अहो, तो घराचं विचारतोय,’ ती म्हणाली. ‘तुमचं मत काय, म्हणून.’ मग जरा थांबून, ‘तुम्हाला खरंच कळलं नाही?’

घराचं प्रकरण दहा दिवसांपूर्वी ग्रुपवर आलं होतं. कुणी पार्टी आली होती. घर, खळं, मागची चाळीस कलमं आणि समुद्राकडे उतरणारी वाट, सगळं एकदम घ्यायला तयार होती. सातबाऱ्यावर अकरा नावं. नऊजणांनी ‘हो’ लिहिलं होतं, दहावी आत्या, तिला मोबाईल नाही. राहिलो मी. थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला, त्यामुळे आता त्याचा मुलगाच सगळ्यांशी बोलतो, आणि नीट, न चिडता बोलतो. मी त्या दहा दिवसांत ग्रुपवर दोन सुप्रभात टाकले होते आणि फणसाचा एक फोटो.

तर मला खरंच कळलं नाही का? याचं उत्तर मी बायकोला ‘नाही’ असं दिलं. ते खरं होतं असं त्या वेळी वाटलं. पण रात्री पंख्याखाली पडल्यावर तो शब्द डोक्यातून जाईना. आयुष्यातली चौतीस वर्षं ज्या शब्दात काढली, त्याने मला भर दुपारी फसवावं, की मीच त्याच्या आड लपलो?

चौतीस वर्षांतली पहिली नऊ मी कंडक्टर होतो आणि पुढची पंचवीस वाहतूक नियंत्रक. म्हणजे चौकशीच्या खिडकीआडचा तो माणूस, जो ‘प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे’ म्हणतो आणि ज्याच्याकडे कुणीही लक्ष देत नाही, फक्त येऊन तेच पुन्हा विचारतात. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला सुटली, असं आम्हाला दरवर्षी वर्धापनदिनाला सांगायचे. म्हणजे हिशेबाने स्टँड ही काही फार जुनी गोष्ट नाही. पण आमच्या भागात देवळाखालोखाल तेच ठिकाण. मुलीला बघायला येणारे पाहुणे उतरायचे ते स्टँडवर. मुंबईहून मनीऑर्डर थांबली की माणूस आधी पोस्टात जायचा, मग स्टँडवर येऊन मुंबईच्या गाडीतून कोण उतरतंय ते बघायचा. आजारी माणसाला मिरजेला न्यायचं तर स्टँड, आणि परत आणायचा तो कसा आणला, तेही आधी स्टँडला कळायचं. इतकी वर्षं मी तो शब्द तोंडात घोळवला, पण तो इंग्रजी आहे, त्याचा काही अर्थ आहे, हे कधी मनातही आलं नाही. सायकलचा स्टँड, कपबशांचा स्टँड, मोटारसायकल डबल स्टँडला लावणं, सगळे आमचेच शब्द. स्टँड म्हणजे उभं राहणं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. तरी एस.टी. स्टँड म्हणजे एस.टी.ने उभं राहायची जागा, हे मला त्या रात्री पहिल्यांदा ऐकू आलं.

आणि त्याला लागूनच दुसरं. स्टँड म्हणजे उभा राहा, आणि बस म्हणजे बस. आमच्याकडे नेमकं उलटं चालतं. स्टँडवर लोक दोन-दोन तास बसतात आणि बसमध्ये चढून उभे राहतात. गाडीत रंगवलेलं असायचं, बसून ४४, उभे ११. गणपतीच्या आदल्या दिवशी त्या अकरांचे चाळीस व्हायचे, आणि कंडक्टर म्हणून मी त्या चाळिसांतून पंच वाजवत, कुणाच्या डोक्यावरची गौरीच्या सामानाची पिशवी सावरत मागच्या दारापर्यंत जायचो.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून मुलाचा शाळेतला शब्दकोश काढला. पहिली तीस पानं वाळवीने खाल्लेली, पण ‘एस’ शाबूत होता. स्टँडला दोन रकाने भरून अर्थ. उभं राहणं हा पहिला आणि सगळ्यांत गरीब. पुढे सोसणं, तग धरणं. एखाद्याला सोसवत नसेल तर इंग्रज म्हणतो, आय कान्ट स्टँड हिम. मी त्याला उभा राहू शकत नाही. हे आपल्याला विचित्र वाटतं, पण आपण तरी काय, ‘तो मला डोळ्यांसमोर उभा करवत नाही’ म्हणतो, म्हणजे फक्त उभं कुणी राहायचं एवढाच फरक. पुढे निवडणूक. इंग्लंडात उमेदवार उभा राहतो, आपल्यासारखाच, आणि अमेरिकेत तोच उमेदवार पळतो. दोन्हीकडे निवडून आल्यावर काय करतो ते कोशात नव्हतं. आणि एक अर्थ असा सापडला की मी मोठ्याने हसलो : दुसऱ्याच्या खाण्यापिण्याचे पैसे आपण देणं, हेही स्टँड. म्हणजे पंचवीस वर्षं मी ज्या-ज्या ड्रायव्हरला कँटीनमध्ये चहा पाजला, तो स्टँडवरच स्टँड केला. माझ्या चहाच्या उधारीला एवढा भारदस्त शब्द आहे हे आधी माहीत असतं तर बायकोला सांगायला बरं पडलं असतं.

शब्दकोश मिटला तेव्हा मला इंग्रजीपेक्षा मराठीचंच जास्त आश्चर्य वाटत होतं. ‘उभा’ हा आपला शब्द काही कमी नाही. उभं पीक, उभा पाऊस, उभा महाराष्ट्र. अंगावर काटा उभा राहतो, पोरगं पायावर उभं राहतं, कर्ज उभं करतात. उभा जन्म म्हणजे आख्खा जन्म, त्यात माणूस निम्मा वेळ आडवा असला तरी. आणि ‘उभा दावा’. तो दावा कधी बसतच नाही, पिढ्यान्‌पिढ्या उभाच. शाळेत संस्कृतचे गुरुजी तिष्ठति-तिष्ठतः-तिष्ठन्ति घोकून घ्यायचे, तेव्हा ते सांगत असत की हा ‘स्था’ आणि इंग्रजांचा स्टँड एकाच मुळाचे, लांबचे भाऊबंद. आम्हाला ते थाप वाटायचं. पण खरंच आहे ते. स्थान, देवस्थान, ठाणं, ठाव, ‘उठणं’तला ठ, ‘ठेवणं’तला ठ, सगळी त्याच घरातली माणसं. इतकंच काय, पालखीचं प्रस्थान. निघाली तरी तिच्यात उभं राहणं आहेच. आणि सगळ्यांत गंमत ‘तिष्ठत’ची. आपण म्हणतो, अमुक माणूस दोन तास तिष्ठत बसला. म्हणजे उभा राहत बसला. राजापूरच्या स्टँडवर पाऊणची गाडी अडीचला लागायची, तेव्हा लोक जे काय करायचे त्याला जगातल्या कुठल्याही भाषेत याहून नेमका शब्द नसेल.

भाऊबंद म्हटलं की पुन्हा घर आलंच.

थोरला भाऊ मुंबईला गिरणीत लागला तेव्हा मी सातवीत होतो. तो वर्षातून दोनदा यायचा, शिमग्याला आणि गणपतीला, आणि आला की गावभर एकच वाक्य म्हणत फिरायचा : ‘उभ्या उभ्या आलोय.’ हे वाक्य जो कोकणात वाढला त्यालाच पूर्ण कळतं. माणूस बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून, आत येतो, खळ्यात उभा राहतो, चपला काढत नाही. ‘बस की,’ आपण म्हणतो. ‘नको, उभ्या उभ्याच आलोय, पुढे जायचंय.’ मग तो तिथेच उभा राहून पाऊण तास बोलतो. लग्न, मयत, कलमांचा मोहोर, कुणाचा मुलगा कुठे लागला, सगळं होतं. आतून चहा येतो, तोही उभ्यानेच पितो. एक पाय पायरीवर, एक खळ्यात. बसला नाही म्हणजे आला नाही, आणि आला तर खरा. कुणाच्या घरी वाद असला, सुतक असलं, किंवा मागचे पैसे द्यायचे राहिलेले असले, तर हा प्रकार फार सोयीचा पडतो. थोरला पुढे पुढे आमच्याही घरी, स्वतःच्याच घरी, उभ्या उभ्या यायला लागला. गणपती पाच दिवसांचा, तो आरतीपुरता, मग दीड दिवसाने रातराणीने परत. मी स्टँडवर ड्यूटीवर असायचो, त्याची सीट मीच बघून द्यायचो. त्याच्या हातात नारळाची पिशवी देताना दरवर्षी वाटायचं, आता काहीतरी बोलेल. घराबद्दल, आईबद्दल. तो म्हणायचा, ‘मागची सीट नको रे, आपटते.’

आमच्या शेजारी एक म्हातारा सारंग राहतो. सारी हयात बोटीवर गेली, आता संध्याकाळी खाडीच्या धक्क्यावर येऊन बसतो. सगळे त्याला चाचाच म्हणतात. त्याला मी त्या मेसेजची गोष्ट सांगितली, हसायला म्हणून. तो हसला नाही. ‘स्टँड लय हाय समुद्रावर,’ म्हणाला. भरती पुरी चढली की ओहोटी लागायच्या आधी पाणी थोडा वेळ ना चढतं ना उतरतं. धक्क्याच्या दगडावरची ओली रेघ तिथल्या तिथे राहते, होड्या दोरीला ओढ न देता नुसत्या डुलतात. त्याला बोटीवरचे साहेब ‘स्टँड’ म्हणायचे. मी म्हटलं, हे बरोबर आहे, थांबलेलं पाणी. तर म्हणाला, थांब, पुढचं ऐक. दोन बोटी समुद्रात एकमेकींच्या वाटेत आडव्या आल्या, तर जिच्या उजव्या हाताला दुसरी दिसते तिने बाजूला व्हायचं. आणि जिला बाजूला व्हायचं नाही, तिला म्हणतात ‘स्टँड ऑन’. ती काय करते सांग? मी म्हटलं, थांबते. ‘थांबली तर मेली,’ चाचा म्हणाला. तिने थांबायचं नाही, वळायचं नाही, वेग कमी करायचा नाही, जास्त करायचा नाही. आहे त्या रेषेत, आहे त्या वेगात जात राहायचं. म्हणजे समोरच्याला हिशेब लागतो.

हे मला फार वेळ पटेना. जी चालत राहते ती ‘उभी’ कशी? त्याने सुपारी कातरता कातरता सगळा नियम समजावला, सतरा नंबरचा. १९७२ साली जगभरच्या जहाजांसाठी जे नियम ठरले त्यातला. त्याला कलमं तोंडपाठ होती, मला तिकिटाचे टप्पे असायचे तशी. आणि मग म्हणाला, त्याच नियमात पुढे आणखी एक आहे. समोरचा बाजूला होत नाही आणि आता नुसत्या त्याच्या वळण्याने टक्कर टळत नाही असं दिसलं, की मग हक्क तुझा असला तरी तुलाही वळावं लागतं. ‘ते कसं कळायचं, की आता वेळ आली?’ मी विचारलं. त्याने सुपारीची चकती माझ्या हातावर ठेवली. ‘तेच तर कॅप्टनला पगार देतात.’

घरी येताना गडग्याच्या कडेने आलो. जांभ्याच्या दगडांचा कंबरभर गडगा, वर शेवाळ वाळून काळं झालेलं, मधूनमधून पडलेला. या गडग्यावरूनच आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आणि अप्पाकाकांचा दावा झाला होता. कुणी कुणाच्या हद्दीत तीन हात सरकला यावर. त्या तीन हातांत दोन पोफळी होत्या, त्यांतली एक वांझ. दावा उभा राहिला तो उभाच राहिला, आणि सख्खे भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. तारखेला दोघं राजापूरला यायचे. गावातून सकाळी गाडी एकच, वस्तीची, सहाला सुटणारी. त्यामुळे वादी आणि प्रतिवादी एकाच गाडीने यायचे, एक पुढे बसायचा, एक मागे. संध्याकाळी परत तसंच. दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात उभे, मग स्टँडवर. मी खिडकीआडून दोघांना बघायचो. आबा पाण्याच्या टाकीजवळच्या खांबाशी, अप्पा वर्तमानपत्राच्या स्टॉलशी. मधे मुंबईच्या, कोल्हापूरच्या गाड्या यायच्या-जायच्या, गाडी गेली की पुन्हा दोघं तिथेच दिसायचे. माझ्या कँटीनच्या उधारीवर आबांना चहा जायचा. अप्पांना पाठवावासा वाटायचा, पण आबा बघत असायचे.

मग ती भाद्रपदातली तारीख. हरतालिकेच्या आदल्या दिवसाची. स्टँड मुंबईकरांनी ओसंडून वाहत होता. नाटे गाडी फलाटाला वळायच्या आधीच लोक तिच्याबरोबर पळायला लागले. मी ड्यूटीवर, अंगात खाकी, हातात लॉगशीट. तरी मी पळालो आणि खिडकीतून आत रुमाल टाकला. आबांसाठी. खिशात दुसरा रुमाल नव्हता, पण टोपी होती, पेन होतं, लॉगशीटचा पुठ्ठा होता. अप्पांसाठी मी काही टाकलं नाही. आबा चढले, रुमालावर बसले. अप्पा शेवटून तिसरे चढले. सत्तरीचा माणूस, एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने वरची दांडी धरलेली, धोतराचा सोगा कुणाच्या तरी ट्रंकेखाली अडकलेला. बरोबर आबांच्या सीटला लागून ते उभे राहिले, कारण दुसरीकडे पाय ठेवायला जागाच नव्हती. मी ते बघितलं. बघून लॉगशीटवर वेळ लिहिली आणि गाडी सोडली.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी कंडक्टरने सांगितलं. हर्ड्यापर्यंत दोघं गप्प. मग एका वळणावर अप्पांचा तोल गेला, छत्री आबांच्या गुडघ्यावर आपटली. आबा उठले. नऊ वर्षांनी पहिल्यांदा भावाकडे तोंड करून म्हणाले, ‘बस.’

एकच शब्द.

‘मग अप्पा बसले?’ मी विचारलं. ‘कुठले बसतात!’ कंडक्टर म्हणाला. अप्पा दांडी धरून तसेच उभे. आबा एकदा उठल्यावर परत बसेनात. गाडीत मुंगी शिरायला जागा नाही, आणि या दोघांमधे एक सीट रिकामी, तिच्यावर माझा रुमाल. ‘माझ्या सर्व्हिसमधे असं पहिल्यांदा बघितलं साहेब, फुल गाडी, सीट मोकळी, आणि दोन म्हातारे तिच्या दोन्ही बाजूंना उभे.’ कुणी तिथे बसायला धजेना. शेवटी आडिवऱ्याला चढलेल्या एका बाईने काही न विचारता आपलं पोरगं त्या रुमालावर बसवलं. नाट्यापर्यंत ते पोरगं झोपलं होतं आणि वळणावर पडू नये म्हणून दोघा म्हाताऱ्यांनी दोन बाजूंनी पाय रेटून धरले होते.

ही गोष्ट मी आईला सांगितली. मला वाटलं तिचे डोळे भरतील. तिने तांदूळ निवडता निवडता विचारलं, ‘कसं म्हणाले?’ म्हणजे? ‘म्हणजे, बस असं म्हणाले, की बऽऽस असं?’ कारण तिचं म्हणणं, अप्पा गाडीत उभ्या उभ्या पुटपुटत असणार, गडग्याचंच, आणि यांना ते सहन झालं नसणार. ‘बस झालं’ असं म्हणायला उठले असतील. मी कंडक्टरला पुन्हा गाठलं. त्याला काही सांगता येईना. ‘बस म्हणाले एवढं खरं, साहेब. आवाज इंजिनचा.’ आबांना विचारायची माझी छाती झाली नाही. अप्पांना विचारायचं तर आधी बोलायला हवं होतं. दावा त्यानंतरही सहा वर्षं चालला. दोघंही गेल्यावर तडजोडीने मिटला. ती वांझ पोफळ एका वादळात आपसूकच पडली.

शहरातल्या नातवंडांना ही गोष्ट मी मजेची म्हणून सांगतो, आणि दर वेळी रुमालाचा भाग गाळतो.

ग्रुपवरच्या त्या मेसेजनंतर पुतणीने मला फोन केला होता. तिला बिचारीला वाटलं, काका ओशाळला असेल. ती म्हणाली, ‘दादा एवढंच विचारत होता की तुमची भूमिका काय.’ भूमिका! हा शब्द ऐकून मला आणखीच हसू आलं. आमच्या भागात गेल्या काही वर्षांत प्रकल्पांमुळे हा शब्द इतका फिरला आहे की चहाच्या टपरीवरही माणूस साखर किती याबद्दल भूमिका घेतो. पण माझ्या डोक्यात भूमिका म्हटलं की पहिला येतो तो आमच्या गावच्या रंगमंचावरचा पडदा. शिमग्यात नाटक व्हायचं, त्यात माझी भूमिका सलग सात वर्षं एकच : भालदार. दरबार सुरू झाला की मी डाव्या विंगेला भाला घेऊन उभा, दरबार संपला की आत. एक वाक्य नाही. राजा बदलायचा, प्रधान बदलायचा, एका वर्षी तर नाटकच पौराणिक सोडून सामाजिक झालं, तिथेही मला दारात उभा केला, हवालदार म्हणून. रात्री दोनच्या सुमारास गॅसबत्तीभोवती किडे घोंघावायचे, घामाने दाढीचा डिंक सुटायचा, आणि मी हलत नसे. लोक म्हणायचे, उभा फार छान राहतो.

घर विकू नये असं मला वाटतं का? वाटतं. माजघराच्या चौकटीवर आईने आमच्या उंचीच्या खुणा केल्या आहेत, थोरल्याची कायम माझ्याहून दोन बोटं वर. ओटीवरून रात्री दिवे मालवले की जैतापूरच्या दीपगृहाचा झोत लांबवर दिसतो. पण मग घर ठेवावं असं वाटतं का? तेही धड सांगता येत नाही. दर पावसाळ्याआधी मी एकटा शिडी लावतो, वासा ठोकून बघतो, आतून पोकळ आवाज येतो. गुडघे बोलतात. अकरा नावांतली दहा नावं वर्षातून एक-दोनदा येतात, नाहीतर फोटोतून घर बघतात आणि लिहितात, ‘मिस धिस’. त्यांचं चुकत नाही. पुतण्याचंही चुकत नाही, त्याला त्याच्या मुलांच्या फिया भरायच्या आहेत, आणि तो निदान विचारतोय. माझ्या पिढीत कुणी कुणाला असं सरळ विचारलं नाही. विचारलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं देव जाणे, पण त्या मधल्या सीटवर कुणीतरी बसलं असतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पडवीतलं शेवटचं कौल चढवून खाली उतरलो. हात धुतले. वस्तीची गाडी देवळापाशी येऊन थांबल्याचा आवाज आला, मग इंजिन बंद झालं आणि रातकिडे ऐकू आले. मी मोबाईल घेऊन ओटीवर बसलो. आधी ग्रुपवर लिहायला घेतलं, मग ग्रुप सोडून त्याच्या एकट्याच्या नंबरवर गेलो. ‘तू विचारलंस ते मला कळलं होतं’ असं लिहिलं, पुसलं. ‘कळलं नव्हतं’ असं लिहिलं, तेही पुसलं. बायको आतून म्हणाली, कुणाला लिहिताय एवढं? मी म्हटलं, कुणाला नाही. शेवटी एका बोटाने टाइप केलं :

‘गणपतीला ये. उभ्या उभ्या नको.’

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. तो काहीतरी लिहितोय असं दिसत राहिलं, थांबलं, पुन्हा दिसलं. मग आलं :

‘मीन्स?’